ख्रिस्तशिष्यत्व आणि टिळक दांपत्याचे वाङ्मय

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मराठी वाचकांस प्रायः दोन रूपांनी परिचित असतात. ज्यांनी त्यांस शाळेत वाचले, त्यांच्या स्मरणात ते फुलामुलांचे कवी म्हणून राहतात. ‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेतील घायाळ पक्षिणी आणि तिची पिले ही त्यांची ओळख. ज्यांनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ वाचली, त्यांस ते एक तापट, विसराळू, हातचे राखून न ठेवणारे गृहस्थ म्हणून ठाऊक असतात, आणि त्यांच्या संसाराच्या हकिकती सांगून आपण अजूनही एकमेकांस हसवितो. ही दोन्ही रूपे खरी आहेत. परंतु टिळकांनी स्वतःस जे नाव लावून घेतले, ज्यासाठी आप्त, जात व अखेरीस मिशनचा पगारही सोडला, ते तिसरेच होते. ते स्वतःस ख्रिस्ताचा शिष्य म्हणवीत. आमच्या वाङ्मयसमीक्षेने या शब्दाकडे पाहिलेच नाही, असे म्हणण्याइतपत दुर्लक्ष केले आहे. धर्मांतर ही चरित्रातील एक घटना म्हणून नोंदविली जाते आणि समीक्षक पुन्हा फुलांकडे वळतो. प्रस्तुत लेखक ख्रिस्ती नाही. तथापि टिळक दांपत्याचे वाङ्मय हा शब्द वगळून नीट वाचता येत नाही, असे त्याचे मत झाले आहे, आणि तेच येथे मांडावयाचे आहे.

प्रथम शब्दाविषयी. आपला ‘शिष्य’ हा शब्द ‘शास्’ या धातूपासून आला आहे. ज्यास शिकवावयाचे आणि ज्यावर शासन करावयाचे, तो शिष्य. शुभवर्तमानांतील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘शिकणारा’ असाच आहे. तेव्हा मराठी बायबलात हा शब्द योजला गेला, तो योग्यच होता. पण शब्द जुळला म्हणजे कल्पना जुळली असे होत नाही. आपल्याकडे शिष्य गुरूच्या शोधात निघतो, योग्यता पटली म्हणजे चरण धरतो. येशूच्या कथेत हा क्रम उलटा आहे. तो सरोवराच्या काठी चालला असता जाळी टाकणाऱ्या कोळ्यांस हाक मारतो, जकातीच्या चौकीवर बसलेल्या मत्तयास उठवितो. आणि पुढे योहानाच्या शुभवर्तमानात स्पष्टच सांगतो की, तुम्ही मला निवडले नाही, मी तुम्हांस निवडले. अशा निवडीत शिष्यास आपल्या योग्यतेचा अभिमान बाळगण्यास जागाच उरत नाही.

दुसरा भेद सेवेचा. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ‘आचार्योपासन’ या एका पदावर ज्ञानदेवांनी जो विस्तार केला आहे, त्यास गुरुभक्तीच्या वाङ्मयात तोड नाही. गुरूच्या वापरातील प्रत्येक वस्तू आपण व्हावे, त्याच्या पायांखालची माती व्हावे, त्याला वारा घालणारा पंखा व्हावे, इथपर्यंत त्या शिष्याची आर्तता जाते. शिष्याने गुरूचे पाय धुवावेत आणि ते तीर्थ म्हणून घ्यावे, ही तर आपली रूढीच आहे. येशू शेवटच्या भोजनाच्या वेळी उठतो, कमरेस रुमाल बांधतो आणि स्वतः शिष्यांचे पाय धुतो. पेत्रास हे सहन होत नाही. आपल्यापैकी कोणासही झाले नसते. आणि त्यानंतर गुरू जे मागतो, ते ‘आता माझे पाय धुवा’ असे नाही. ‘तुम्ही एकमेकांचे धुवा’ असे आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात हीच गोष्ट अधिक कठोरपणे येते. भुकेल्यास अन्न, उघड्यास वस्त्र, कैद्यास भेट, यांतले जे काही अगदी लहानांसाठी केले, ते माझ्यासाठी केले. आणि जे केले नाही, ते माझ्यासाठी केले नाही. गुरुसेवा येथे गुरूकडून वळवून दुसरीकडे पाठविलेली आहे. आपल्या संतपरंपरेस हा विचार परका नव्हता. एकनाथांनी तापलेल्या वाळवंटात रडणारे महाराचे पोर उचलून घेतल्याची कथा महाराष्ट्र विसरलेला नाही. पण ती एका थोर पुरुषाच्या करुणेची कथा म्हणून राहिली. शिष्य म्हणविणाऱ्या प्रत्येकावर लागू होणारी अट म्हणून ती मांडली गेली नाही.

टिळकांच्या आधी ख्रिस्ताची कथा मराठीत आली नव्हती असे नाही. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रोमन लिपीत छापले गेले, आणि त्याच्या जवळजवळ अकरा हजार ओव्यांतून ही मराठी भाषा किती दूरवर जाऊ शकते, हे सिद्ध झाले. विल्यम कॅरीने सेरामपूरहून १८११ साली नवा करार मराठीत काढला. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे १८८८ सालचे आत्मचरित्र प्रामाणिक व वाचनीय आहे. परंतु पदमनजींचा मुख्य प्रश्न ‘खरे मत कोणते?’ हा होता. पिढीच तशी होती. परमहंस सभेच्या काळातील तरुणांस वादात जिंकणे-हरणे ही जीवनमरणाची गोष्ट वाटे. ‘मत पटल्यावर उद्या सकाळपासून कसे वागावयाचे?’ हा शिष्याचा प्रश्न त्यांच्या पुस्तकात दुय्यम राहतो.

टिळकांस मात्र तो प्रश्न पहिल्याच भेटीत पडला. नागपूरहून राजनांदगावास जात असता आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. (हेच राजनांदगाव पुढे मुक्तिबोधांचे अखेरचे गाव झाले. आम्हां मध्य भारतातील मराठी माणसांस त्या स्थानकाचे नाव ऐकल्यावर दोन कवी आठवावेत. एकाने मराठीत लिहिले, दुसऱ्याने घरी मराठी बोलून हिंदीत.) टिळक ते पुस्तक वाचू लागले आणि गिरिप्रवचनापाशी थांबले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील हे तीन अध्याय म्हणजे येशूने शिष्यांस दिलेला पाठ. त्यात त्रैक्याचे तत्त्वज्ञान नाही, चमत्कार नाही. शत्रूवर प्रेम करा, दान गुप्तपणे करा, उद्याची चिंता करू नका, दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ काढण्यापूर्वी आपल्या डोळ्यातील मुसळ पाहा, असे साधे आणि आचरणास अशक्यप्राय वाटणारे आदेश आहेत. शेवटी बजावणी अशी की, मला ‘प्रभो, प्रभो’ म्हणणारा नव्हे तर पित्याच्या इच्छेप्रमाणे करणारा राज्यात जाईल; ऐकून न करणारा हा वाळूवर घर बांधणारा होय. जो मनुष्य या प्रवचनाच्या वाटेने ख्रिस्ताकडे गेला, त्याने आरंभीच गुरूचा सर्वांत अवघड धडा उघडला होता. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

आता त्यांच्या कवितेकडे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे टिळकांचे उद्गार वारंवार उद्धृत केले जातात. ‘अभंगांजली’ वाचणाऱ्यास ते वेगळे सांगावे लागत नाही. परदेशी चालींवर बसविलेल्या भाषांतरित गीतांच्या जागी त्यांनी मराठी मंडळीच्या ओठांवर अभंग, ओवी व भजन आणले. मराठी ख्रिस्ती उपासनेतील गीतांचा मोठा भाग आजही त्यांच्या नावावर आहे. या कामाची योग्यता निर्विवाद आहे. पण समीक्षकाने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. टिळक ख्रिस्तास ‘गुरू’ म्हणतात आणि ‘माउली’ही म्हणतात, किंबहुना हे दोन शब्द ते जोडून घेतात. यांतला कोणता शब्द त्यांच्या अभंगात अधिक काम करतो?

माझ्या मते ‘माउली’. वारकरी भक्तीने त्यांस ही भाषा दिली आणि ती त्यांच्या कोमल, उतावीळ, चटकन डोळे भरून येणाऱ्या स्वभावास मानवली. माता लेकरास उचलून घेते; लेकराने फक्त रडावयाचे असते. यास शुभवर्तमानाचा आधार नाही असे कोणी म्हणू नये. कोंबडी पिलांस पंखांखाली घेते तसे तुम्हांस एकवटावे असे मला किती वेळा वाटले, हे यरुशलेमेविषयीचे उद्गार येशूचेच आहेत. पण तोच येशू शिष्यास म्हणतो की, तू स्वतःचा वधस्तंभ उचलून माझ्यामागे ये. येथे उचलावयाचे आहे ते शिष्याने. त्याने दिलेली दुसरी उपमा जुवाची आहे. आणि जू म्हटल्यावर, ते सोयीचे असो वा हलके असो, मान दिलीच पाहिजे, हे माळव्यातल्या कुणब्यास समजावून सांगण्याची गरज नाही. ‘अभंगांजली’तील उत्कटता वाचकास हलविते, परंतु जुवाचे ओझे त्या अभंगांत क्वचितच जाणवते. भक्ताची तहान तेथे पूर्ण उतरली आहे. शिष्याचे श्रम तितके उतरलेले नाहीत. टिळकांच्या कवितेचे मोल यामुळे कमी होत नाही, तिची मर्यादा तेवढी कळते. ते श्रम कोठे नोंदले गेले, हे पाहण्यासाठी त्यांच्या काव्याबाहेर जावे लागते.

येशूच्या वचनांत काही अशी आहेत की, ती वाचताना गृहस्थाश्रमी मनुष्य अस्वस्थ होतो. बापाला, आईला, बायकोमुलांना मागे सारल्याखेरीज माझा शिष्य होता येणार नाही, असे लूकच्या चौदाव्या अध्यायात आहे. एक जण म्हणतो, बापाला पुरून येतो. त्यास उत्तर मिळते की, मेलेल्यांस आपले मेलेले पुरू दे. दुसरा म्हणतो, घरच्यांचा निरोप घेऊन येतो. त्यास सांगितले जाते की, नांगरास हात घालून मागे पाहणारा उपयोगाचा नाही. त्याच लूकमध्ये बुरूज बांधणाऱ्याचा दृष्टान्त आहे: आधी बसून खर्चाचा हिशेब करा, नाही तर पाया घालून काम अर्धवट राहील आणि लोक हसतील. या वचनांवर शतकानुशतके प्रवचने झाली. परंतु ज्यास मागे सारले, त्याचे काय झाले, हे कोणी सांगितले नाही. पेत्र विवाहित होता हे आपणांस ठाऊक आहे, कारण त्याची सासू तापाने आजारी असल्याचा उल्लेख आहे. ‘आम्ही सर्व सोडून तुमच्यामागे आलो’ असे पेत्र एकदा अभिमानाने बोलतोही. पेत्राची बायको मात्र शुभवर्तमानांत एक शब्दही बोलत नाही. पुढे पौलाच्या एका पत्रात, पेत्र प्रवासात बायकोस बरोबर नेत असे, एवढा ओझरता उल्लेख सापडतो. म्हणजे मध्यंतरी काहीतरी घडले असले पाहिजे; पण ते लिहिले गेलेले नाही.

‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक नेमके ते लिहिते. १९३४ ते १९३७ या काळात ते चार भागांत प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंस शालेय शिक्षण नव्हते. टिळकांनी मधूनमधून शिकविले तेवढेच. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या माहेरच्या माणसांत होत्या, पदरी लहान मूल होते, आणि ज्या समाजात त्या वाढल्या होत्या, त्यात नवरा जिवंत असून नसल्यासारखी त्यांची अवस्था झाली. खर्चाचा हिशेब बुरूज बांधणाऱ्याने करावयाचा होता. भरणा केला तो या बाईने. हे सारे सांगताना त्यांनी टिळकांवर फिर्याद केलेली नाही आणि त्यांस देवत्वही दिलेले नाही. टिळकांचे प्रेम, त्यांचा संताप, न सांगता निघून जाणे, घरखर्चाचे पैसे वाटेत दुसऱ्याच्या हाती ठेवून रिकाम्या हाताने परतणे, हे सर्व एकाच सुरात येते. आमचे टीकाकार यास विनोद म्हणतात. विनोद आहेच, पण तो कशासाठी आहे हेही पाहावे. उद्याची चिंता न करण्याचा उपदेश एकाने शब्दशः पाळला की उद्याची चिंता घरातल्या दुसऱ्या कोणास तरी करावी लागते, ही गोष्ट कडवटपणा न आणता सांगण्यास विनोदाखेरीज दुसरे साधन नव्हते. गिरिप्रवचनावर इतके मार्मिक भाष्य मराठीत दुसरे झालेले नाही.

यापुढे जे घडते ते अधिक महत्त्वाचे आहे. लक्ष्मीबाई टिळकांकडे परत आल्या त्या ख्रिस्ती म्हणून नव्हे. अहमदनगरास (१८१८ पूर्वीच्या आमच्या होळकरशाहीची आठवण जागवीत ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे) त्या आल्या, तेव्हा आपले सोवळे, आपले पाणी, आपला स्वयंपाक वेगळा ठेवून राहिल्या. टिळकांनी त्यांच्यावर बळजोरी केली नाही. सोवळ्याचे हे वेड त्यांनी कोठून आणले, ते पुस्तकाच्या पहिल्याच पानांत कळते: सत्तावनच्या धामधुमीत आजोबांस फाशी झाली, आणि त्या धसक्याने वडिलांच्या मनात सोवळे भूतासारखे बसले, बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात येत नसे. अशा घरात वाढलेल्या स्त्रीने एके दिवशी, राहुरीस असताना, विचार करीत करीत ठरविले की जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे. आणि मग कोणाच्याही हातचे खाण्यास ती मोकळी झाली. कोणतेही प्रवचन, वाद, दिव्य दर्शन तेथे नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण वाचकास कळून चुकते की, शिष्या त्या आधीच झाल्या होत्या.

येथे पदमनजींशी तुलना केली असता फरक उजेडात येतो. पदमनजी ‘कशावर विश्वास ठेवू?’ असे विचारतात; लक्ष्मीबाईंपुढील प्रश्न ‘कोणाच्या हातचे पाणी पिऊ?’ हा आहे. शिक्षित वाचकास पहिला प्रश्न मोठा आणि दुसरा बायकी वाटण्याचा संभव आहे. शुभवर्तमान वाचणाऱ्यास तसे वाटू नये. येशूवर शास्त्र्यांचा मुख्य आक्षेप कोणता होता? तो जकातदारांबरोबर व पापी लोकांबरोबर जेवतो, हा. त्याचे शिष्य हात न धुता जेवतात, हा. विहिरीवरच्या शोमरोनी बाईपाशी तो पाणी मागतो, तेव्हा ती बाईच चकित होते, कारण तिच्या भांड्यातले पाणी यहुदी पीत नसत. जो गुरू पंक्तीत आणि पाण्यात धर्म तपासतो, त्याचे शिष्यत्व मराठी ब्राह्मण घरातील स्वयंपाकघरातच सिद्ध व्हावयाचे होते. सभामंडपात ते सिद्ध झाले नसते. पुढे दुष्काळात टिळकांच्या घरी पोरकी मुले आली, प्लेगच्या साथीत लक्ष्मीबाई रोग्यांच्या शुश्रूषेत राबल्या. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाचे नाव न घेता तो अध्याय या पानांतून चालत राहतो.

मार्था आणि मरीया या दोघी बहिणींची गोष्ट ख्रिस्ती वाचकांच्या परिचयाची आहे. मार्था स्वयंपाकात गुंतली, मरीया गुरूच्या चरणांशी ऐकत बसली, आणि मरीयेने उत्तम वाटा निवडला असे येशूने म्हटले. स्त्रीस शिष्याच्या जागी बसू देणारे ते वचन थोर आहे. मला मात्र मार्थेविषयी नेहमीच थोडे वाईट वाटत आले आहे. लक्ष्मीबाईंचे पुस्तक वाचताना वाटते की, मार्थेला लिहिता आले असते तर मरीयेपेक्षा आपणांस अधिक कळले असते.

या पुस्तकाचे इंग्रजीत भाषांतर करणाऱ्यांनीही हा पेच आपापल्या परीने सोडविला आहे. १९५० साली जोसेफिन इंकस्टर यांनी ‘आय फॉलो आफ्टर’, म्हणजे ‘मी मागून येते’, असे नाव दिले. ते शिष्येचे नाव आहे. २०१७ साली शांता गोखले यांच्या भाषांतरास ‘एका तेजस्वी पत्नीच्या आठवणी’ अशा अर्थाचे उपशीर्षक आले; ते आजच्या वाचकास रुचणारे स्वतंत्र स्त्रीचे नाव आहे. पहिल्या नावात लक्ष्मीबाई नवऱ्याच्या मागून गेल्या की ख्रिस्ताच्या, याचा उलगडा होत नाही. दुसऱ्यात ख्रिस्त दिसतच नाही. मूळ मराठी नावाने यांपैकी कोणताच दावा केला नाही, आणि तेच बरे झाले. लक्ष्मीबाई कोणाच्या मागून गेल्या असतील तर आपल्या स्वतःच्या पावलांनी, मध्ये थांबून, भांडून आणि वेळ घेऊन. ज्यांस हाक मारताच उठून जाता येत नाही, त्यांच्यासाठीही शिष्यत्वाची वाट आहे, ही गोष्ट शुभवर्तमानांत सूचित असली तरी सविस्तर सांगितलेली नाही. ती येथे सांगितली गेली.

टिळकांच्या शेवटच्या दोन वर्षांविषयी बोलल्याखेरीज हा विषय पुरा होत नाही. १९१७ साली आमच्या इंदुरात गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले, ते येथील मंडळींस अभिमानाने आठवते. त्याच साली टिळक अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास गेले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांचा बंधुसंघ, असे त्याचे स्वरूप होते. आयुष्यभर ज्या एका शब्दाभोवती ते फिरले, तो शब्द त्यांनी येथे चर्चच्या भिंतीबाहेर नेऊन ठेवला. मिशनचा पगार घेणारा मनुष्य हिंदी लोकांस ख्रिस्ताचा शिष्य न दिसता परक्या संस्थेचा नोकर दिसतो, ही खंत त्यामागे होती.

शास्त्रार्थ काढावयाचा तर टिळकांविरुद्ध बळकट वचन आहे. मत्तयाच्या अखेरीस शिष्य करण्याची आणि बाप्तिस्मा देण्याची आज्ञा एकाच वाक्यात आली आहे. ती तोडता येते काय, असे त्यांच्या टीकाकारांनी विचारले तर ते अयोग्य म्हणता येणार नाही. टिळकांच्या बाजूनेही वचने आहेत. आपल्यांपैकी नसलेला एक जण येशूच्या नावाने भुते काढीत होता. योहानाने त्यास मना केले, तेव्हा येशू म्हणाला, मना करू नका. आणि तुम्ही आपणांस गुरू म्हणवून घेऊ नका, तुमचा गुरू एक, तुम्ही सर्व भाऊ आहात, हे वचन तर ‘बंधुसंघ’ या नावातच उतरले आहे. मला वाटते, टिळकांचा पक्ष तर्कापेक्षा अनुभवाने बळकट होता. बाप्तिस्म्याच्या आधीची लक्ष्मीबाई त्यांनी घरात पाहिली होती. पाणी डोक्यावर पडण्यापूर्वी शिष्यत्व येऊ शकते, याचा पुरावा त्यांच्याच स्वयंपाकघरात होता. हे माझे अनुमान आहे; टिळकांनी तसे लिहिले आहे असा दावा मी करीत नाही.

‘दरबार’ टिकला नाही. १९१९ च्या मे महिन्यात टिळक मुंबईस वारले आणि भोवतालची मंडळी पांगली. त्यांचे चरित्र इंग्रजीत लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये अहमदनगरास ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला. तो पुढे पुण्यास गेला. त्याच संघात इंग्लंडहून आलेला व्हेरियर एल्विन पुढे मंडला जिल्ह्यातील गोंडांत जाऊन राहिला आणि अखेरीस चर्चमधूनही बाहेर पडला. टिळकांनी उघडलेले दार कोणास कोठे घेऊन गेले, याचा हिशेब सोपा नाही.

पंडिता रमाबाईंचा उल्लेख येथे थोडक्यात, पण केलाच पाहिजे, कारण त्यांनी टिळकांच्या नेमकी उलट वाट धरली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणून केडगावच्या ‘मुक्ति’त त्यांचा सांभाळ करणाऱ्या रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे मूळ भाषांवरून बायबलाचे मराठी भाषांतर करण्यात घालविली; ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, पूर्ण स्वरूपात बाहेर पडले. संस्कृताची पंडिता असलेल्या या बाईने संस्कृतप्रचुर शब्द टाळून साध्या बायकांस कळेल अशी भाषा पत्करली. टिळकांस जुन्या भक्तीचे शब्द हवे होते, कारण त्यांत हृदय होते. रमाबाईंस ते नको होते, कारण त्यांत जुने अर्थ चिकटलेले होते. वाङ्मय म्हणून टिळकांचा मार्ग सरस ठरला यात संशय नाही. रमाबाईंचे भाषांतर वाचताना जीभ अडखळते. पण ‘माउली’ या शब्दाने शिष्याचे जू थोडे झाकले जाते, असे जे मी वर म्हटले, ते रमाबाईंस बहुधा आधीच दिसले होते.

आमच्या शहरात ख्रिस्ती धर्म म्हटला की मराठी माणसास १८८७ सालचे ख्रिश्चन कॉलेज आठवते. कॅनडियन मिशनने काढलेल्या त्या संस्थेने मराठी घरांतील कित्येक पिढ्या शिकविल्या, पण तेथे भेटला तो इंग्रजी बोलणारा ख्रिस्त. माळव्यातील मंडळ्यांची उपासना मुख्यतः हिंदीत चालते, त्यामुळे टिळकांचे अभंग येथील देवळांतही फारसे कानी पडत नाहीत. परिणाम असा की, इंदुरातील मराठी शिक्षक टिळकांस शिकवितो तो पाठ्यपुस्तकातल्या दोन-तीन कवितांपुरता, आणि त्या कविताही त्यांच्या कर्त्यापासून तोडून. घायाळ पक्षिणीची कविता मुलांस सांगताना, ती लिहिणाऱ्या माणसाने पुढे कोणते वचन आयुष्यावर ओढवून घेतले, हे सांगण्याची आपणांस भीती का वाटावी? धर्मप्रचार होईल म्हणून? तुकारामांचा अभंग शिकविताना आपण विठोबास वगळीत नाही.

टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून सुमारे दहा अध्यायांपर्यंतच आले. उरलेले चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचिले, आणि त्या १९३६ साली वारल्यानंतर दोन वर्षांनी ग्रंथ प्रसिद्ध झाला. काव्य म्हणून त्याची चर्चा स्वतंत्रपणे व्हावयास हवी. ती आजवर फारच थोडी झाली आहे. तूर्त माझी सूचना एवढीच की, शालेय संग्रह सिद्ध करणाऱ्यांनी ‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेच्या शेजारी ‘स्मृतिचित्रे’तील राहुरीचा मजकूर छापावा. तो दोन-तीन पानांहून मोठा होणार नाही, आणि त्याला टीपाही फारशा लागणार नाहीत.